फियाटचे बुश

मला राग लवकर येतो, हे मी कधी लपवलेलं नाही. वाघोलीत कुणालाही विचारा, जयवंतीबाईंची वाडी कुठली, तर म्हणतील, आवाजाच्या दिशेने सरळ जा. माझे वडील म्हणायचे, लोखंडाला तेल आणि माणसाला आवाज वेळच्या वेळी मिळाला पाहिजे, नाहीतर दोघंही गंजतात. विहिरीवरचा त्यांचा रहाट मोडीत जाईपर्यंत कधी कुरकुरला नाही. आम्ही भावंडंही नाही.

यंदाचा राग मोठ्या सुपारीएवढ्या रबरावरून आला. गाडीच्या प्रत्येक चाकाशी एक शॉकअप असतो, रस्त्याचा दणका गिळणारा. त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लोखंडी कडी असते, कडीत हे रबर बसवलेलं असतं आणि रबरातून बोल्ट जातो. त्या रबराला बुश म्हणतात. एका शॉकअपला दोन, चार चाकांचे आठ. बुश गेला की लोखंड लोखंडावर आपटतं आणि गाडी खडखड करत गावभर बोंबलत जाते. खड्डा नसलेला रस्ता तर आमच्याकडे शोधून सापडत नाही.

माझी गाडी चौऱ्याण्णवची फियाट. घेतली रमेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. पण पहिल्याच आठवड्यात त्याने ती कुंपणात घातली आणि किल्ली मुकाट्याने माझ्या हातात ठेवली. मला चालवायला शिकवली क्लेमेंटने, कळंबच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत. "आपटलीस तर समुद्राला आपटशील, त्याला काही होत नाही," असं म्हणायचा. तेव्हापासून रोज पहाटे झेंडू आणि मोगऱ्याच्या टोपल्या मीच नालासोपाऱ्याला पोचवते. वाडीतल्या बायकांनी रिक्षासुद्धा चालवली नव्हती तेव्हा मी फियाट चालवत होते.

आणि जपली पण मीच. आमच्याकडे समुद्राचा वारा, खारी हवा पत्रा खाते. शेजाऱ्यांच्या गाड्यांची दहा-दहा वर्षांत खालून चाळण झाली. माझ्या गाडीची एकतीस वर्षांत नाही झाली, कारण दर मे महिन्यात मी तिला वाडीतल्या पाण्याच्या कोरड्या पाटावर उभी करते, पाटात गोणपाट टाकून आडवी होते आणि जुन्या ब्रशने काळं तेल, म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, खालच्या एकूणएक भागाला फासते. एक कोपरा सोडत नाही. एकसष्टाव्या वर्षी हे करणारी दुसरी बाई दाखवा मला.

क्लेमेंटचं गॅरेज उमराळ्याच्या नाक्याजवळ. तो ख्रिस्ती, आम्ही वाडवळ, पण दसऱ्याला माझ्या वाडीतला पहिला हार त्याच्या पान्यांच्या फळीवर चढतो. त्या दिवशी तो सगळी हत्यारं धुऊन पुसून फळीवर मांडतो, गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन येतात, वीस-बावीस तरी गाड्या नाक्यापर्यंत लागतात, आणि त्याची सून सुझान सगळ्यांना केक आणि चहा देते. एकतीस वर्षांत हा दसरा चुकला नाही. म्हणून तर मला जास्त राग आला.

गेल्या वर्षी गणपतीत बुश गेले. क्लेमेंटने नवे घातले. ते शिमग्याला गेले. पुन्हा नवे घातले. ते यंदा गौरी-गणपती उठतायत न उठतायत तोच गेले. वर्षभरात तीन वेळा! आणि दरवेळी मी विचारायचे, "ओरिजिनल आहेत ना? लोकल माल लावलास तर बघ," आणि दरवेळी तो कपाटातून कंपनीचा पिवळा खोका काढून मला दाखवायचा.

पितृपक्षातल्या एका सकाळी क्लेमेंटचा मुलगा रॉकी गॅरेजमधल्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरला आणि त्याने जुना बुश काढून माझ्या हातात दिला. चघळून टाकलेल्या खजुरासारखा. फुगलेला, मऊ, चिकट. बोटाला काळं लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे ओरिजिनल?" मी ओरडले. "सहा महिने टिकत नाही ते ओरिजिनल? खोका कंपनीचा दाखवतोस आणि आत डुप्लिकेट भरतोस? चोर आहेस तू, क्लेमेंट! चोर! एकतीस वर्षं मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला!"

गॅरेजमध्ये पाच-सहा माणसं होती. बेकरीवाला ऑस्कर पावाची व्हॅन घेऊन आला होता. शाळेतले दोन मास्तर होते. सुझान दारात उभी होती. क्लेमेंट स्टुलावर बसला होता. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून तो बसूनच काम सांगतो. त्याने चिंधीला हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"जयवंती, गाडी दुसरीकडे दाखव," तो म्हणाला. बस, एवढंच.

मी बुश पिशवीत टाकला आणि खडखडत घरी आले. वाटलं, बरोबर बोलले. खरा असता तर उलटून बोलला असता.

आठवड्याने माझी जाऊ चंद्रकांता आली. तिचं घर उमराळ्यालाच. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "जयू, ऑस्करने व्हॅन दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. मास्तरांनी पण. लोक म्हणतायत, जयवंतीबाई तोंडाची फाटकी, पण खोटं बोलायची नाही. ती चोर म्हणाली म्हणजे काहीतरी असणारच."

"मग? आहेच," मी म्हणाले.

"गॅरेज ओस पडलंय. रॉकीकडे मोबाइलच्या दुकानवाल्याने जागा मागितलीय. क्लेमेंट म्हणाला, दसरा होऊ दे. दसऱ्याला किती गाड्या येतात बघू, नाहीतर शटर ओढू."

"ओढू दे. चोराचं दुकान बंद झालेलंच बरं."

हे मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली. तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं: खरा, कंपनीचा बुश शोधायचा, आणि शटर ओढायच्या आत क्लेमेंटच्या टेबलावर आपटून सांगायचं, हे बघ, याला ओरिजिनल म्हणतात.

दसऱ्याला बारा दिवस होते. झेंडूचा हंगाम तोंडावर, रोज टोपल्या वाढत होत्या, आणि मी खडखडत्या गाडीतून रबर शोधत फिरत होते.

नालासोपाऱ्याच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने बुश हातातही घेतला नाही. मोबाइलमधून डोळे वर न काढता म्हणाला, "आंटी, ये गाडी अब कौन चलाता है? स्क्रॅप में डाल दो."

"तुझ्या घरातलं जुनं माणूस पण स्क्रॅपमध्ये घालतोस का रे?" मी विचारलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. पण बुश नव्हताच त्याच्याकडे.

विरारला मनवेलपाड्यात एकाने आत जाऊन अर्धा तास खुडबुड केली आणि टेम्पोचा बुश आणून दिला, माझ्या बुशच्या दीडपट. "घिस के लगा लो, चल जाएगा," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या चपला माझ्या नवऱ्याला होत नाहीत, तर पाय घासू का त्याचे? तो हसला. मला हसू आलं नाही. पुढच्या दुकानात हिरव्या रंगाचे बुश होते, चायनाचे. त्याच्या पुढच्या दुकानदाराने विचारलं, "फियाट म्हणजे कुठली?" दुकानावर पाटी होती, सर्व गाड्यांचे पार्ट मिळतील.

माझ्या नातीने, उन्नतीने, मोबाइलवरून मागवले. चार दिवसांनी एवढंसं पाकीट आलं, त्यात मोटारसायकलचे बुश. परत पाठवायला गेलो तर तिथे माणूसच नाही, नुसती बटणं. हे दाबा, ते दाबा. भांडायचं कुणाशी? मी उन्नतीशीच भांडले. तिने निमूटपणे मोबाइल माझ्या हातून काढून घेतला आणि आईकडे निघून गेली. रमेश झोपाळ्यावरून म्हणाला, "क्लेमेंटला एकदा विचारून बघ." त्या रात्री मी त्याला जेवण वाढलं, पण बोलले नाही.

रागाला एक बरं असतं, तो थकत नाही. पाय थकतात. सातव्या दिवशी मी जूचंद्रला एका भंगारवाल्याकडे पोचले, कारण त्याच्याकडे फियाट आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. होती. चाकं नव्हती, काचा नव्हत्या, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भंगारवाला बाबू म्हणून एक आगरी म्हातारा. त्याने कोंबडीला न उठवता मागचा शॉकअप सोडवला आणि बुश काढून तळहातावर ठेवला.

"घे. कंपनीचा हाय. गाडी आली तवापासून कुनी हात नाय लावला."

मी तो बुश उन्हात धरला. वाळला होता, वरून बारीक भेगा होत्या, पण आकार जागच्या जागी. दाबला तर टणक. चिकट नाही, फुगलेला नाही. रबरावर कंपनीची खूण उमटलेली.

"किती वर्षं पडलीय ही गाडी?"

"पंधरा-सोला. पाऊस-पानी सगला खाल्लाय तिनं."

बघा! पंधरा पावसाळे उघड्यावर काढून हा बुश शाबूत, आणि क्लेमेंटचा सहा महिन्यांत खजूर. हातच्या काकणाला आरसा कशाला? मला आनंद झाला. खरंच सांगते, क्लेमेंट चोर निघाला याचा मला त्या उन्हात आनंद झाला.

"पन ह्यो नको बसवू," बाबू म्हणाला. "वाललाय, फुटंल. वालीवला जा, वसई पूर्वेला. तिथं रबराचे गाले हायत. हा नमुना दाखव, आठ पाडून देतील."

मग मी वालीवला गेले. पत्र्याच्या गाळ्यांची लांब रांग, प्रत्येक दारात ट्रक, हवेत जळक्या रबराचा वास. तीन गाळ्यांनी हाकलून दिलं, आठ नगांसाठी मशीन लावत नाही म्हणून. चौथ्या गाळ्यात हेमाली नावाची चाळिशीची गुजराती बाई टेबलाशी बसली होती. मी दोन्ही बुश तिच्यापुढे मांडले. उजवीकडे कंपनीचा, डावीकडे क्लेमेंटचा.

"हा खरा," मी म्हणाले. "आणि हा चोराचा. मला या खऱ्यासारखे आठ करून पाहिजेत."

तिने खऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिकट बुश उचलला, नाकाशी नेला, नखाने दाबला, कडेची बारीक रेघ चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

"काकी, हा तर आमचाच आहे."

"काय?"

"आमच्या डायचा, म्हणजे साच्याचा आहे. ही रेघ बघा." ती उठली आणि मागच्या फळीवरून पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. खोक्यावर चिकटपट्टीवर पेनने लिहिलं होतं: क्लेमेंट अंकल, फियाट. आत नवे कोरे काळे बुश, ओळीने. "आठ-नऊ वर्षं झाली. कंपनीचा माल यायचा बंद झाला तेव्हा अंकल सँपल घेऊन आले होते. डाय त्यांनीच बनवून घेतली. मी म्हटलं, शंभरच्या खाली पाडत नाही. तर म्हणाले, पाड शंभर. एकच गाडी आहे, पण ती आहे तोवर लागतील."

"म्हणजे लोकल माल! मला ओरिजिनल सांगून..."

"काकी, ऐका तर." मला कुणी ऐका म्हटलेलं आवडत नाही, पण तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत होता. "अंकलनी अस्सल नैसर्गिक रबर वापरायला लावलं. आम्ही स्वस्तातलं मिक्स सुचवलं होतं, तर भडकले. यापेक्षा चांगला बुश तुम्हाला बाजारात मिळणार नाही. हा खराब झालाय तो मालामुळे नाही. यात तेल गेलंय."

"तेल?"

"नैसर्गिक रबर दणका छान घेतं, पण तेल पितं. तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. असंच." तिने बुश माझ्या बोटांत ठेवला. "वास घ्या. जळकं ऑइल आहे. गाडीखाली कोणी तेल मारतं का?"

मी वास घेतला. कशाला घ्यायचा? तो वास मला माझ्या मे महिन्याएवढा ठाऊक होता.

बाबूची ती कोंबडीवाली गाडी पंधरा वर्षं टिकली, कारण तिला कुणी हात लावला नव्हता. कुणी जपलं नव्हतं. मी जपलं होतं.

आणि मग आठवलं ते आणखी वाईट होतं. क्लेमेंटने मला सांगितलं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी, याच गाडीशी उभा राहून म्हणाला होता, "जयवंती, पत्र्याला तेल लाव, पण रबराला लागू देऊ नको." मी काय म्हणाले होते? "माझे वडील तेल देत आले, त्यांना तू शिकवू नकोस. तू आपली गाडी बघ." चार माणसांत म्हणाले होते. तो पुन्हा बोलला नाही. त्यालाही एक दिवस आवाज देऊन मी गप्प केलं होतं.

पिवळा खोकाही आठवला. दरवेळी तोच. वरचं एक झाकण फाटलेलं, कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. मी तो डाग कितीदा बघितला होता आणि मला काही दिसलं नव्हतं. ओरिजिनलशिवाय दुसरं काही लावून घेणार नाही म्हणून मी गळा काढत होते, आणि कंपनीचा माल कधीच संपला होता. मग त्याने करायचं काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा; मी तर वळसा घालताना कळसेवाल्यालाच चोर ठरवून मोकळी झाले होते.

हेमालीने आठ बुश कागदात बांधून दिले. "अंकलना सांगा, अजून बरेच शिल्लक आहेत," म्हणाली.

घरी येईपर्यंत गाडी खडखडत होती आणि मला स्वतःचा इतका राग आला होता की वाटेत दोनदा मी विनाकारण हॉर्न वाजवला. घरी आल्यावर रमेशने विचारलं, "मिळाले?" मी हो म्हणाले आणि पाटाकडे जाऊन काळ्या तेलाचा डबा लाथेने उडवला. मग तो उचलून ठेवावा लागला, कारण तेल केळींच्या मुळाशी वाहायला लागलं.

तेव्हाच जायला हवं होतं. नाही गेले. झेंडू आहे, तोडणी आहे, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे माझी छाती होत नव्हती. ओरडायला छाती लागत नाही, हे मला त्या चार दिवसांत कळलं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे फुलं पोचवली आणि नऊ वाजता पहिला हार, आपट्याची पानं आणि बुशची पुडी घेऊन उमराळ्याला गेले. मनात सगळं बोलणं तयार होतं. वीस-बावीस गाड्यांच्या मधोमध उभी राहणार, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार, आणि विषय मिटवणार.

नाक्यावर गाड्याच नव्हत्या.

गॅरेजसमोर एक रिक्षा होती आणि सुझानची स्कूटर. पान्यांची फळी धुऊन मांडली होती, नेहमीसारखी. केकचं ताट भरलेलं होतं, एकही तुकडा उचललेला नव्हता. रॉकी शटरच्या कुलपाला ग्रीस लावत होता. क्लेमेंट स्टुलावर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"क्लेमेंट, चूक माझी होती," मी सगळ्यांच्या देखत म्हणाले. सगळे म्हणजे तिघं आणि रिक्षावाला. "मी वालीवला गेले होते. हेमालीने सांगितलं. तेल मी मारलं, बुश तेलाने गेले. तू चोर नाहीस."

क्लेमेंटने माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता.

"आता कुणाला सांगतेस?" तो म्हणाला. "फळीला? पान्यांना? त्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते कुठायत?"

मी हार हातात धरून उभी.

"दर जूनमध्ये तुला बोलवायचो, आठवतंय? ब्रेक बघायचेत, गाडी आण. कसले ब्रेक? तुझ्या ब्रेकना काय धाड भरली होती? तू तिथे बाकावर बसून सुझानचा चहा प्यायचीस, आणि मी खड्ड्यात उतरून साबणाने एकेक बुश, एकेक पाइप धुऊन काढायचो. तू फासलेलं मी धुवायचो. सहा वर्षं! मग गुडघे गेले. रॉकी म्हणाला, मी नाही धूत, बाईंना खरं काय ते सांगा. काय सांगू? तुला खरं सांगायचं म्हणजे आधी ऐकायला पाहिजे तू. कुणाचं ऐकलंस कधी? चोर म्हणालीस त्याचं एवढं नाही ग. 'क्लेमेंट, का जातायत रे बुश?' एवढं एकदा विचारलं असतंस."

त्याचा आवाज फाटला होता. सुझानने पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने तो परतवला. मला उलटून बोलायची इतकी सवय की ओठ हलले.

मी हार फळीवर घातला. गाडी खड्ड्यावर घेतली, पदर खोचला, कोपऱ्यातली साबणाची बादली आणि ब्रश उचलला.

"दसऱ्याची नवी साडी आहे काकी, राहू द्या, मी करतो," रॉकी म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले, मग थांबले. "म्हणजे, नको रे. मला करू दे."

पायऱ्या उतरून खड्ड्यात गेले. वर माझं एकतीस वर्षांचं तेल, थरावर थर. घासायला लागले तसं काळं पाणी हातावरून कोपरापर्यंत, कोपरावरून साडीवर. एक बुश, दोन बुश. वरून क्लेमेंटचे जुने बूट दिसत होते. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "हे पाइपाच्या मागचं कसं पुसू?"

बूट थोडे पुढे सरकले. "चिंधी काठीला बांध," तो म्हणाला. "ओढू नको. फिरव."

दुपारी रॉकीने आठ बुश घातले. क्लेमेंटने माझ्याकडे बघितलं नाही, पण प्रत्येक नट त्याने बसल्या जागेवरून घट्ट करवून घेतला. मी गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "चल, बस. ऑस्करकडे जाऊ, मास्तरांकडे जाऊ. सोनं द्यायला लोक घरोघर जातातच आज."

"मी कशाला येऊ? चोर म्हणताना मला विचारलं होतंस?" तो म्हणाला. "तुझी तू जा."

मी गेले. त्या साडीतच. गाडी दणके गिळत होती, कुठून काही आवाज नाही. मला तो आवाज हवा होता. निदान काहीतरी बोललं असतं.

ऑस्करची बेकरी गल्लीच्या तोंडाशी, वर घर. त्याने दार उघडलं, माझी साडी बघितली, हात बघितले. मी आपट्याचं पान त्याच्या हातात ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, "ऑस्कर, क्लेमेंटचा माल खरा होता. चूक माझी होती. गाडीला तेल मी मारलं होतं."

त्याने कान पुढे केला.

"काय म्हणालात, जयवंतीबाई? त्या दिवशी नाक्यापर्यंत ऐकू गेलं होतं. आज दारातल्या माणसाला ऐकू येत नाही."

गल्लीत दोन्ही बाजूंना घरं होती, दारांना तोरणं, अंगणात माणसं. मी दाराकडे पाठ केली, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि वडिलांनी दिलेला होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले.